बँकेचें पुनर्गठन आणि शेतकऱ्याचें पुनर्गठन

२०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यानें सोयाबीन शेंगेंतच कुजविलें आणि कापसाचीं बोंडें काळीं पाडलीं. पुढें थोड्याच दिवसांनीं आमच्या शाळेंतील एका मुलीचे वडील एक छापील कागद घेऊन मजकडे आले. शाळा सुटली होती. ते व्हरांड्यांत बसले व म्हणाले, "गुरुजी, बँकेत ह्यावर सही करा म्हणत्यात. हे पुनर्गठन का काय ते वाचून सांगा. कर्ज माफ झालं का?"

"नाहीं अण्णा," मीं सांगितलें, "माफ झालेलें नाहीं. वर्षभरांत फेडायचें होतें, तें आतां कांहीं वर्षांत हप्त्यांनीं फेडायचें. व्याज मात्र चालूच राहील."

त्यांनीं कागदाची घडी केली. "मग ह्यात नवं काय झालं? ओझं तेच, फक्त वाट लांबली."

त्यांची बँक कोणती, हें सांगण्याचें कारण नाहीं. नियम सगळीकडे एकच आहे. पण त्यांचें तें वाक्य माझ्या मनांतून जाईना. कारण हाच 'पुनर्गठन' शब्द आपल्या देशांत मोठमोठ्या बँकांनाही लागला आहे. त्या बँका आजारी पडल्या, त्यांचें पुनर्गठन झालें आणि त्या धडधाकट होऊन उभ्या राहिल्या. मग एकाच औषधानें एक रोगी बरा होतो आणि दुसरा अंथरुणाला खिळून राहतो, हें कसें? औषधाचें नांव एक असलें तरी बाटलींतलें औषध दोन ठिकाणीं निराळें आहे, असें माझें म्हणणें आहे. तें मी आपल्याच बँकेच्या उदाहरणानें मांडतों.

बँक ऑफ महाराष्ट्र ही १९३५ सालीं पुण्यास नोंदली गेली व १९३६ च्या फेब्रुवारींत तिचा कारभार सुरू झाला. १९६९ सालीं सरकारनें जे चौदा बँकांचें राष्ट्रीयीकरण केलें, त्यांत ती होती. आपल्या जालना जिल्ह्याची अग्रणी बँक तीच. अग्रणी म्हणजे जिल्ह्यांत सर्व बँकांनीं मिळून किती कर्ज वाटावें, याची आखणी करण्यांत पुढाकार घेणारी. मराठवाड्यांतील जुन्या माणसांच्या तोंडीं दुसरें एक नांव असे, तें हैदराबाद बँकेचें. निजामाच्या राजवटींत १९४१ सालीं स्थापन झालेली ती बँक १ एप्रिल २०१७ रोजीं स्टेट बँकेंत विलीन झाली व तिची पाटी उतरली. गांवोगांवच्या ग्रामीण बँकेचेंही तसेंच. १ मे २०२५ रोजीं राज्यांतील दोन ग्रामीण बँका एक झाल्या, त्यांचें मुख्य ठाणें छत्रपती संभाजीनगरास आलें आणि त्यांची पालक बँक पुन्हा बँक ऑफ महाराष्ट्रच. म्हणून या बँकेची नाडी कशी चालते, हें मंठ्याच्या आणि भोकरदनच्या शेतकऱ्यास ठाऊक असलें पाहिजे. शहरांतील शेअरवाल्यांपेक्षां त्याचें तिच्यावर अधिक अवलंबून आहे.

ही बँक २०१७ च्या सुमारास गंभीर आजारी पडली. रोगाचें नांव थकीत कर्ज. नव्वद दिवस हप्ता वा व्याज आलें नाहीं म्हणजे तें कर्ज बँकेच्या वहींत 'अनुत्पादक' ठरतें. पीक कर्जाला मात्र हंगामाचा हिशोब लावतात. थोड्या मुदतीच्या पिकांना दोन हंगाम. मार्च २०१८ मध्यें या बँकेनें वाटलेल्या दर शंभर रुपयांमागें साडेएकोणीस रुपये असे अडकलेले होते. घरांतल्या कणगींत शंभर पायल्या धान्य असावें आणि त्यांतल्या जवळजवळ वीस पायल्यांना भुंगा लागलेला असावा, तशी ही गत.

हा भुंगा कोणीं लावला? एकट्या शेतकऱ्यानें खास नाहीं. त्या वेळीं देशांतल्या बहुतेक सरकारी बँकांची हीच अवस्था होती. पोलाद, वीज, रस्ते, बांधकाम यांसाठीं वर्षानुवर्षें मोठमोठीं कर्जें दिलीं गेलीं. कर्ज फिटत नसलें कीं मुदत वाढवावी, जुनें कर्ज फेडायला नवें द्यावें आणि वही स्वच्छ दाखवावी, असा खेळ चालला. २०१५ सालीं रिझर्व्ह बँकेनें वह्या उघडून तपासल्या, तेव्हां झांकलेलें उघडें पडलें. २०१७ च्या जूनमध्यें रिझर्व्ह बँकेनें ज्या बारा बड्या कर्जदारांना दिवाळखोरीच्या कायद्याखालीं न्यायासनापुढें नेण्यास सांगितलें, त्या बारा जणांकडे देशांतील एकूण थकीत कर्जाचा सुमारें चौथा हिस्सा होता. बारा कर्जदार! आपल्या एका गल्लींत याहून अधिक खातेदार आहेत.

त्याच जूनमध्यें रिझर्व्ह बँकेनें बँक ऑफ महाराष्ट्रला पथ्यावर बसविलें. याला 'त्वरित सुधारणा कारवाई' म्हणतात. जोखमीचीं कर्जें देऊं नका, खर्च आवरा, शाखा वाढवूं नका, नफा वांटूं नका, असें हें पथ्य. २०१६-१७ सालीं बँकेला १,३७३ कोटी रुपये तोटा झाला. २०१७-१८ सालीं १,१४६ कोटी. आणि २०१८-१९ सालीं तर ४,७८४ कोटी. तीन वर्षांत सात हजार कोटींच्या वर. २०१८ सालीं शहरांतल्या ५१ शाखा बंद करून जवळच्या शाखांत मिसळण्याचें बँकेनें ठरविलें.

आतां वाचकांनीं येथें थोडें थांबावें. तिसऱ्या वर्षींचा तोटा सर्वांत मोठा आणि त्याच वर्षीं, म्हणजे ३१ जानेवारी २०१९ रोजीं, बँक पथ्यांतून मोकळी झाली. हें उलटें कसें? उलटें नाहीं. बँकेनें त्या वर्षीं खोटी आशा सोडली. जें येणार नाहीं तें येणार नाहीं असें वहींत कबूल केलें आणि त्यापोटीं रक्कम बाजूला काढून ठेवली. याला तरतूद म्हणतात. भुंगा लागलेलें धान्य मोजणींतून काढून टाकलें, म्हणून तोटा मोठा दिसला. पण मागें जें उरलें तें खरें धान्य होतें.

आणि रिकामी झालेली कणगी भरली कोणीं? सरकारनें. एकट्या २०१८-१९ सालांत सरकारनें या बँकेंत चार हजार कोटींहून अधिक नवें भांडवल घातलें. सरकारचा पैसा म्हणजे कोणाचा? ट्रॅक्टरांत डिझेल भरणाराचा, फवारणीचें औषध विकत घेणाराचा, मोबाइलला रिचार्ज मारणाऱ्या मजुराचा. शेताच्या उत्पन्नावर आयकर नाहीं म्हणून 'शेतकरी कर भरत नाहीं' असें जे म्हणतात, त्यांनीं एकदां कृषी सेवा केंद्रांतील पावती वाचावी. या बँकेला उभें करण्यांत लोहार, सुतार, कुंभार, शेतमजूर या सर्वांचा पैसा आहे.

बँक बरी झाली, ही गोष्ट मात्र खरी, आणि तिचें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. २०१९-२० सालीं तिला ३८९ कोटी नफा झाला. पुढें करोनाची साथ आली, बाजार बंद पडले, हप्ते थांबले. तरी २०२०-२१ सालीं तिनें ५५० कोटी नफा दाखविला. २०२४-२५ सालीं नफा ५,५२० कोटींवर गेला आणि मार्च २०२५ मध्यें थकीत कर्जाचें प्रमाण शंभरास पावणेदोन रुपयांवर उतरलें. कोठें साडेएकोणीस आणि कोठें पावणेदोन! या सगळ्या वर्षांत एकाही ठेवीदाराचा पैसा बुडाला नाहीं, कीं पैसे काढण्यास बंदी झाली नाहीं.

ही लहान गोष्ट नव्हे. त्याच काळांत दुसरीकडे काय झालें तें पाहा. २३ सप्टेंबर २०१९ रोजीं पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांस प्रथम सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. त्या बँकेच्या कर्जाचा बहुतेक भाग एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता. ५ मार्च २०२० रोजीं येस बँकेवर बंधनें आलीं. पन्नास हजारांवर पैसे काढतां येईनात, आणि स्टेट बँक व इतर बँकांनीं भांडवल घातलें तेव्हां तेरा दिवसांनीं ती मोकळी झाली. बँक ऑफ महाराष्ट्रच्या दारापुढें मात्र अशा रांगा लागल्या नाहींत. कारण मागें सरकार उभें आहे हें लोक जाणून होते. बँकेची खरी ताकद ती हीच. २०२१ च्या अर्थसंकल्पांत दोन सरकारी बँका खासगी करण्याची घोषणा झाली, तेव्हां वर्तमानपत्रांत या बँकेचेंही नांव येऊं लागलें. अडचणीच्या दिवसांत जी लोकांच्या पैशावर तगली, ती सुगीच्या दिवसांत लोकांच्या हातून जावी, याला न्याय म्हणतां येणार नाहीं. आजही तिची बहुतांश मालकी सरकारचीच आहे. ती तशीच राहावी.

आतां बड्या कर्जदारांकडे वळूं. आपल्या शेजारीं पैठण रस्त्यावर चितेगांव आहे. तेथें व्हिडिओकॉनचा कारखाना होता. या भागांतल्या किती तरी घरांत त्याच कंपनीचा टीव्ही होता. ही कंपनी कर्जांत बुडाली. तिच्याकडे बँकांचें व इतरांचें मान्य झालेलें देणें सुमारें ६४,८०० कोटी रुपये. २०२१ च्या जूनमध्यें मुंबईच्या न्यायाधिकरणानें जी योजना मंजूर केली, तिच्यांत खरेदीदार देणार होता सुमारें २,९६२ कोटी. म्हणजे शंभर रुपयांमागें चार रुपये आणि वर कांहीं पैसे! बाकीच्या शहाण्णव रुपयांवर पाणी. खरेदीदार जवळजवळ कांहींच देत नाहीं, असें खुद्द न्यायाधिकरणानेंच नमूद केलें. या योजनेविरुद्ध ज्यांनीं अपील केलें, त्यांत बँक ऑफ महाराष्ट्र होती, हें तिच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. २०२२ च्या जानेवारींत ती मंजुरी रद्द झाली. पण शंभराचे चार घ्यावे असा ठराव बहुसंख्य सावकारांच्या मतानें होऊं शकला, ही गोष्ट कांहीं पुसली जात नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, शेतकऱ्यांनाही माफी मिळाली कीं!" मिळाली, तें लपविण्याचें कारण नाहीं. २०१७ सालीं दीड लाखापर्यंतची आणि २०१९ च्या डिसेंबरांत जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची माफी झाली. दुसरीला तर महात्मा जोतीरावांचें नांव दिलें आहे. तो पैसाही लोकांचाच. पण दोहोंच्या रीतींत फरक पाहा. शेतकऱ्याला दोन लाख सोडले तर त्यानें देशाची शिस्त बिघडविली असा ओरडा होतो. मोठ्याला हजारों कोटी सोडले तर त्याला 'तोडगा' म्हणतात. शेतकऱ्यानें बँकेशीं तडजोड करून खातें मिटविलें तर पतीच्या नोंदींत 'सेटल्ड' असा शेरा बसतो, आणि पुढच्या हंगामांत त्याच शेऱ्याकडे बोट दाखवून त्याला परत धाडतात. मोठ्याचा कारखाना मात्र जुन्या देण्यांतून धुऊन नव्या मालकाच्या हातीं जातो आणि नव्या कर्जाला पात्र ठरतो.

आतां अण्णांच्या कागदाकडे परत येऊं. नैसर्गिक आपत्तींत पीक बुडालें तर पीक कर्जाचें मुदतीच्या कर्जांत रूपांतर करतात. साधारण दोन ते पांच वर्षें मुदत मिळते आणि थकलेलें व्याजही त्यांतच मिळवितात. बँकेचें पुनर्गठन झालें तेव्हां तीन गोष्टी झाल्या. बुडालेलें बुडालें असें कबूल केलें गेलें. मालकानें नवें भांडवल घातलें. आणि पथ्य पूर्ण होतांच कपाळावरचा शिक्का पुसला गेला. शेतकऱ्याच्या पुनर्गठनांत यांतली एकही गोष्ट पुरी होत नाहीं. पीक बुडाल्याचा पंचनामा होतो, पण कर्जाच्या वहींत तें बुडालेलें दिसत नाहीं. नवें कर्ज मिळण्याची तरतूद कागदावर असते, पण पेरणी तोंडावर आली तरी तें हातीं पडेलच असें नाहीं. आणि शिक्का तर वर्षानुवर्षें राहतो. २०१२-१३ च्या दुष्काळांत आपल्या जिल्ह्यांत मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. बाग लावून फळ हातीं यायला कैक वर्षें जातात. त्या जळालेल्या बागांत कोणीं भांडवल घातलें?

म्हणून आमची मागणी माफीची नाहीं; समान औषधाची आहे. पहिली गोष्ट, पंचनाम्यांत जेवढें पीक बुडालें, तेवढ्या कर्जावरचें व्याज सरकारनें व बँकेनें मिळून सोसावें. दुसरी, पुनर्गठन झालेल्या खातेदारास नवें पीक कर्ज मृगापूर्वीं मिळावें. आषाढांत मिळालेलें कर्ज म्हणजे जेवण झाल्यावर आलेलें मीठ. तोंवर बियाणें-खत उधारीवर किंवा सावकाराकडून घेतलेलें असतें. तिसरी, आपत्तीमुळें थकलेल्या खात्याचा पतीवर डाग राहूं नये. सिबिल पाहून पीक कर्ज नाकारूं नका, असें मुख्यमंत्र्यांनीं बँकांना बैठकींत बजावलें आहे. तें शाखेच्या काउंटरपर्यंत पोहोंचलें पाहिजे. साडेपांच हजार कोटी नफा मिळविणाऱ्या बँकेला हें जड नाहीं. बँकेची ताकद वार्षिक अहवालावरून मुंबई-पुण्याला मोजतात. आम्ही ती मृग नक्षत्रांत जाफराबादच्या शाखेपुढें मोजूं.

पण बांधवांनो, दुसऱ्याच्या वहीकडे बोट दाखवितांना आपल्याही घरची वही उघडली पाहिजे. पीक कर्ज घेऊन त्यांतून लग्नाचा मांडव घालणारे आपल्यांत नाहींत काय? पासबुक पेटींत ठेवून वर्षभर भरून न घेणारे नाहींत काय? पैसे भरले आणि पावती विसरले, असे तर घरोघर आहेत. बँक वांचली ती खोटा हिशोब सोडून खरा लिहिला म्हणून. हा धडा आपण फुकट घ्यावा.

त्यासाठीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. तीन लाखांपर्यंतचें पीक कर्ज मुदतींत फेडलें, तर केंद्राची व राज्याची सवलत मिळून व्याज शून्यावर येतें. एक दिवस उशीर झाला तरी ही सवलत जाऊं शकते, म्हणून फेडीची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जास तारण मागावयाचें नाहीं. कर्जाचा अर्ज दिला कीं त्याची पोच मागा. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. तें लेखी कळविणें बँकेवर बंधनकारक आहे. "साहेब नाहींत, उद्यां या" हें कारण नव्हे. तक्रार आधीं बँकेकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तेथें एक पैसा लागत नाहीं. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चांभार अशा कारागिरांसाठीं सप्टेंबर २०२३ पासून विश्वकर्मा योजना आहे. तिच्यांत प्रथम एक लाख व तें फेडल्यावर दोन लाख, पांच टक्के व्याजानें, विनातारण मिळतात. आणि ठेव कोणत्याही बँकेंत असो, विम्याचें संरक्षण एका बँकेंत एका माणसास पांच लाखांपर्यंतच आहे, हेंही विसरूं नका.

हें सारें कळण्यास वाचतां आलें पाहिजे, आणि नुसतें अक्षर वाचून भागत नाहीं. हिशोब वाचतां आला पाहिजे. माझ्या वर्गांत मी आतां व्याजाचीं गणितें पुस्तकांतलीं घालीत नाहीं. मुलांना घरचें पासबुक आणायला सांगतों. पहिल्या दिवशीं अण्णांच्या मुलीनें आपल्या वडिलांच्या कागदावरचें व्याज फळ्यावर मांडलें. पांच वर्षांत किती रुपये होतील तें काढून तिनें मागें वळून पाहिलें आणि विचारलें, "गुरुजी, एवढे आमचे बाबा कशाचे देतील?"

मजपाशीं उत्तर नव्हतें. उत्तर द्यावयाचें आहे तें बँकेनें आणि तिच्या मालकानें, म्हणजे सरकारनें. आपण त्यांना सात हजार कोटींचा तोटा निस्तरायला वेळ दिला, पैसा दिला आणि विश्वासही दिला. तेंच त्रिदळ आतां आपण परत मागत आहों. भीक म्हणून नव्हे, उसनें दिलेलें परत मागावें तसें.